उशाकडचा कोपरा

आमच्या शहरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. राजेंद्र हिवराळेच्या खिडकीला मात्र ते रोज सकाळी यायचं. थंडी पडली की पहाटे झोपायच्या खोलीतल्या काचेला घाम फुटायचा, थेंब ओघळत खाली काच सरकायच्या ट्रॅकमधे उतरायचे आणि नऊ वाजेपर्यंत तिथं बोटभर पाणी साचायचं. त्या पाण्यातून काळी बुरशी वर चढायची. आधी रबराला, मग काचेच्या कडेला, मग भिंतीला. राजेंद्र ती पुसायचा आणि चार दिवसांनी ती पुन्हा हजर व्हायची. जावईसुद्धा इतक्या नेमानं येत नाही.

लाज वाटावी अशी गोष्ट ही, की राजेंद्र स्वतः खिडक्या बसवणारा. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचं त्याचं हर्सूलला छोटंसं दुकान. सव्वीस वर्षांत त्यानं किती घरांना खिडक्या लावल्या याचा हिशेब त्यालाही नव्हता, पण आपल्या खिडकीतून धूळ येत नाही हे तो कुणालाही छातीवर हात ठेवून सांगायचा. हर्सूलला राहतो म्हटलं की तिथलं जेल आठवून लोक चेष्टा करायचे, "किती वर्षांची झाली?" राजेंद्र सांगायचा, "जन्मठेप. बायकोसंगट." यावर सत्यभामा पदर तोंडाला लावून हसायची.

सत्यभामा जाऊन येत्या रविवारी वर्ष होणार होतं. तेव्हापासून त्यानं तो विनोद कुणाला सांगितला नव्हता.

वर्षाच्या पुण्यानुमोदनाला भंतेजी येणार होते, चार नातेवाईक येणार होते, पण राजेंद्रचे डोळे लागले होते ते लेकीकडं. निशा चितेगावला दिलेली. नवरा तिथल्याच एका कंपनीत. तिला जुलैत मुलगी झाली, नाव ठेवलं विशाखा. आजीनं नातीचं तोंड पाहिलं नाही आणि नातीनं आजीचा नुसता फोटो पाहिला. निशानं आठ दिवस राहावं, त्या रिकाम्या घरात लेकराच्या रडण्याचा आवाज व्हावा, एवढीच राजेंद्रची मागणी होती. निशानं फोनवर ती मोडीत काढली.

"पप्पा, आम्ही शनिवारी येतो. पण रविवारी जेवणं झाली की निघू."

"असं कसं? आठ दिवस म्हणली होतीस ना तू."

"राहू कुठं? हॉलमधे पाहुणे. अन् त्या खोलीत मी विशाखाला झोपवणार नाय."

"का बरं?"

"ते काळं दिसत नाय का तुम्हाला? ते गेल्याबिगर नाय."

"जाईल की. मी काढतो ना."

"दिवाळीलापण हेच म्हणलात तुम्ही," निशा म्हणाली आणि काहीतरी बोलायचं राहिल्यासारखी थांबली. मग तिनं फोन ठेवला.

राजेंद्र इरेला पेटला. सोमवारी त्यानं ब्लीचिंग पावडर कालवून ब्रशनं ट्रॅक घासला. मंगळवारी भिंत खरवडून तिच्यावर रंगाचा हात मारला. बुधवारी सकाळी काचेवरून तसाच घाम ओघळत होता आणि नव्या रंगाखाली करडे ठिपके दिसायला लागले होते. तो पलंगावर बसला आणि खिडकीला आईबहिणीवरून बोलला. माणूस एकटा राहिला की खिडकीशीही भांडतो.

एकच कोपरा स्वच्छ होता. पलंगाच्या उशाकडं, खाली, हाताच्या पंजाएवढा. तिथं काच कोरडी राहायची, रबरावर ठिपकासुद्धा नसायचा. राजेंद्रला त्याचं कौतुक वाटायचं. त्या कोपऱ्यात आपलं फटी बुजवायचं सिलिकॉन एक नंबर बसलंय, बाकीकडं कुठंतरी कसर राहिलीय, असा त्यानं निकाल लावून टाकला होता.

सिलिकॉनची गोष्ट सांगायला हवी. मागल्याच्या मागल्या ऑक्टोबरात त्यांच्या गल्लीतला रस्ता पाण्याच्या पाइपसाठी खोदला. खोदला आणि सोडून दिला. दिवसभर गाड्या जायच्या आणि भिंतीएवढी धूळ उठायची. सत्यभामेची छाती आधीच अधू होती. लहानपणापासून चुलीपुढं बसलेली, मग पंधरा वर्षं जिनिंगमधे कापसाच्या कचऱ्यात उभी राहिलेली. डॉक्टर म्हणाले, "यांना धुळीपासून आणि गारठ्यापासून जपा." दुसऱ्या एखाद्या नवऱ्यानं औषध आणलं असतं, पडदा लावला असता. राजेंद्रच्या हातात सिलिकॉनची गन होती. त्यानं एका रविवारी खोलीची खिडकी अशी बंद केली की मुंगीला वाट राहिली नाही. काचेच्या दोन सरकत्या शटरांमधली फट बुजवली, चौकट आणि भिंत यांतली फट बुजवली, ट्रॅकला पाणी जायला जी भोकं असतात तीसुद्धा आतून बुजवली, कारण वारा तिथूनही येतो. वर, बायकोला पाण्यासाठी मोरीपर्यंत जायला नको म्हणून साठवणीचे दोन निळे ड्रम त्याच खोलीत आणून ठेवले. सकाळ-संध्याकाळ तिथंच पाणी उकळून तो तिला वाफ द्यायचा. एवढी माया केली त्यानं. ते खोटं नव्हतं.

"अहो, जरा फट राहू द्या ना," सत्यभामा तेव्हा म्हणाली होती. "जीव कोंडल्यागत होतंय."

"धूळ येईल, सत्यभामा."

चार दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. मग रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर तोच विचारायचा, "आज धूळ नाय ना आली?" ती म्हणायची, "नाय. तुमच्या हाताचं काम हाय." हे ऐकून त्याला दिवसभराचा शीण गेल्यासारखं वाटायचं.

गुरुवारी समर्थनगरातून दमयंतीकाकूंचा निरोप आला. हे जुनं गिऱ्हाईक. त्यांचे यजमान व्यंकटराव कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून अंथरुणावर, वाचा गेलेली. पावसाळ्यात काकूंनी त्यांच्या खोलीच्या खिडकीचं काम दुसऱ्याच कुणाकडून करून घेतलं होतं. राजेंद्रला ते लागलं होतं, पण बोलावणं आलं तसा तो गेला. दुसऱ्याचं बिघडलेलं काम बघण्यात जे सुख असतं ते कोण सोडतो.

"हिवराळे, बघा हो जरा," काकू म्हणाल्या. "बाहेरून पाणी झिरपतंय. सगळी खिडकी काळी पडली. चांगलं घट्ट बंद करून द्या."

खोलीत पाऊल टाकताच राजेंद्रच्या नाकात ओळखीचा वास शिरला. ओल्या पोत्यासारखा, आंबूस. कोपऱ्यात पाण्याचे ड्रम होते, स्टुलावर वाफेचं भांडं होतं, खिडकीखालच्या पलंगावर व्यंकटराव होते. काचेवरून पाणी ओघळत होतं.

"बाहेरून नाय येत हे काकू," राजेंद्र म्हणाला. "पाऊस कुठाय आता? हे आतलंच हाय. फ्रीजमधली बाटली बाहेर ठेवली की तिला पाणी सुटतं का नाय? तसंच. बाहेर गार, काच गार. अन् आत तुमचे दोन ड्रम, ही वाफ, माणसाचा श्वास. सगळं त्या काचेवर जाऊन बसतं."

"मग ते जात का नाही?"

"जायला वाट असते. हे बघा, इथं खाली ट्रॅकला भोकं..." राजेंद्र वाकला आणि त्याचा आवाज चढला. "अरे तिच्या! कोण गाढव आला होता हो काकू? भोकं बुजवली की ह्यानं सिलिकॉननं! शटरची फटबी बुजवली! अरे, पाणी जाईल कुठं? हवा येईल कुठून? आत माणूस राहतो का लोणचं घातलंय? अकलेचा कांदा! अशा माणसाच्या हातात गन देऊ नये, त्याला..."

वाक्य तिथंच राहिलं. तोंड उघडं, बोट त्या बुजवलेल्या भोकावर.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काय नाय," राजेंद्र म्हणाला.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण असं म्हणतात. राजेंद्रला ती म्हण आठवली नाही. त्याला फक्त आपला आवाज ऐकू येत होता, धूळ येईल सत्यभामा, आणि तो आवाज त्याला दुसऱ्याच कुणा अडाणी माणसाचा वाटला.

त्यानं कटर काढला. भोकं मोकळी झाली तसं साचलेलं काळं पाणी गुळगुळ करत बाहेर गेलं. मग त्यानं शटर चार बोटं सरकवलं. जानेवारीतली सकाळची गार, कोरडी हवा आत आली. व्यंकटरावांनी मान हळूहळू तिकडं वळवली. त्यांचे डोळे मिटले, तोंड किंचित उघडलं आणि छाती एकदा भरून वर आली. पाणी पितो तसं माणूस हवा पीत होता.

काकू पलंगाशी आल्या. "अहो, सहा महिने झाले," त्या म्हणाल्या, "हे नुसते खिडकीकडं बघत पडतात. मला वाटायचं, बाहेरचा कडुलिंब बघतात." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

राजेंद्र तिथं थांबला नाही. हत्यारांची पिशवी उचलली आणि काकू चहा ठेवते म्हणत असतानाच जिना उतरला. स्कूटर घेऊन तो थेट घरी आला.

घरी आल्यावर त्यानं पहिल्यांदाच खिडकीपासून पलंग ओढला. वर्षभरात तो हलवला नव्हता. सत्यभामेची उशी तिच्या जागी होती, ती तशीच राहावी म्हणून तो वरून वाकूनच खिडकी पुसायचा. पलंगाची उशाकडची फळी खिडकीला टेकलेली असायची, त्यामुळं त्या कोपऱ्यातलं ट्रॅकचं भोक कधी दिसलंच नव्हतं. पलंग हलला तसा फळीच्या मागं काहीतरी लोंबकळताना दिसलं. फळीला एक खिळा होता, खिळ्याला शिवणाचा दोरा, दोऱ्याच्या टोकाला चिंधीचा घट्ट वळलेला बोळा. हिरव्या साडीची चिंधी. ती साडी त्यानंच आणली होती.

त्याला आधी काही कळलं नाही. मग त्यानं ट्रॅककडं पाहिलं.

बाकीच्या भोकांवर त्याचं सिलिकॉन होतं तसं होतं. त्या कोपऱ्यातल्या भोकावर नव्हतं. ते कोरून काढलं होतं, एकदम नाही, दिवसांमागून दिवस, टोकरून टोकरून. कडेनं बारीक ओरखडे होते. खाली फरशीवर, भिंतीच्या कडेला, केसांत खोवायचा काळा आकडा पडला होता. त्याची टोकं वाकडी झाली होती.

राजेंद्रनं बोळा भोकात घालून पाहिला. बरोब्बर बसला. वरून कुणाला कळलंसुद्धा नसतं. दोरा ओढला, बोळा निघाला आणि त्याच्या मनगटाला गार वारा लागला. करंगळीएवढं भोक. उशीवर कुशीला वळलं की फळीच्या कडेनं नाक नेमकं तिथं येत होतं.

तो खाली फरशीवर बसला. खिडक्यांचं काम करणाऱ्याला एक सवय असते, कोणी कसं बसवलं असेल ते तो मागून पुढं जुळवत जातो. तसं त्याला सगळं जुळत गेलं. तो नऊला दुकानात जायचा, ती बोळा काढायची. सात वाजता गल्लीत स्कूटरचा आवाज यायचा, ती बोळा बसवायची. तो खोलीत येऊन विचारायचा, धूळ नाय ना आली? ती म्हणायची, नाय, तुमच्या हाताचं काम हाय. ती गेली त्या दिवशी मात्र शेजारच्या भामाबाईंचा फोन भरदुपारी आला होता. तिला धाप लागलीय, रिक्षा बोलावलीय, थेट दवाखान्यातच या. त्या दिवशी स्कूटरचा आवाज झालाच नाही. बोळा परत बसवायचा राहून गेला. म्हणून वर्षभर ते एक भोक उघडं होतं; ट्रॅकचा उतार पलीकडं असल्यानं पाणी तिथून गेलं नाही, पण वारा येत राहिला, म्हणून तो कोपरा कोरडा होता. त्याच्या सिलिकॉनमुळं नव्हे.

"अगं, शिव्या घालायच्या होत्या मला," तो उशीकडं बघून म्हणाला. "काच फोडायची होती." आणि मग तो मोठमोठ्यानं रडला. अंत्यविधीला चारचौघांत आवरून धरलेलं, जलदानाच्या दिवशी पाहुण्यांना वाढताना गिळलेलं, ते सगळं त्या दिवशी भरदुपारी बाहेर आलं. भिंतीपलीकडं भामाबाईंना ऐकू गेलं, पण त्या आल्या नाहीत. शहाण्या बाई.

शुक्रवारी त्यानं ती खिडकी पुरी मोकळी केली. सगळं सिलिकॉन काढलं, भोकं साफ केली, ड्रम हॉलच्या बाहेर जिन्याखाली नेले, भिंतीचा पोपडा विटेपर्यंत खरवडला आणि दोन्ही शटर सताड उघडून खोलीत दिवसभर ऊन येऊ दिलं. धूळ आली. येऊ दे म्हणाला. शनिवारी सकाळी काच कोरडी होती.

निशा दुपारी आली. विशाखा तिच्या खांद्यावर झोपलेली. जावई बद्रीनाथ मंडपवाल्याला गाठायला परस्पर गेला होता. निशा खोलीच्या दारात थबकली. उघडी खिडकी बघितली, जागा सोडलेला पलंग बघितला आणि पलंगावर बसलेल्या बापाच्या तळहातातला हिरवा बोळा बघितला.

"निशा," राजेंद्र म्हणाला, "तुझ्या आईला मी कोंडून मारलं."

"पप्पा!"

"ती मला फट मागत होती. एवढीशी फट. अन् मी सव्वीस वर्षं लोकांना हवा देत फिरलो." त्यानं बोळा पुढं केला. "हे तिनं चोरून केलं. माझ्यापासून चोरून श्वास घेतला तिनं."

निशानं लेकराला उशीशी निजवलं. ती बापाशेजारी बसली. बोळा हातात घेतला आणि बराच वेळ त्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"ही चिंधी मी फाडून दिली होती," ती म्हणाली.

राजेंद्रनं तिच्याकडं पाहिलं.

"नोव्हेंबरात आले होते ना मी. तुम्ही दुकानात होतात. आई आकड्यानं टोकरत बसली होती. मी म्हणले, मी पप्पांना सांगते, काढून टाकतील सगळं. तर माझा हात धरला. म्हणली, नको. लई जीव लावून केलंय त्यांनी. आपण चुकलो कळलं तर त्या माणसाला अन्न गोड लागायचं नाय. माझं काय, मला एवढं भोक पुरतंय." निशानं दोरा बोटावरून सोडला. "मी ऐकलं तिचं. मी गप बसले, पप्पा. दोरा बांधायची आयडियाबी माझीच. बोळा पलंगामागं पडला तर तिला वाकता येत नव्हतं म्हणून."

"अन् ह्या वर्षभरात?"

"वर्षभरात काय सांगू? तुम्ही तिची उशीपण हलवू देत नव्हता." तिनं नाक पुसलं. "म्हणून विशाखाला इथं झोपवायचं नव्हतं मला. ह्या खोलीत आलं की माझाच जीव कोंडतो."

डॉक्टर म्हणाले होते, फुफ्फुसं आधीच थकलेली होती, खिडकी उघडी असती तरी फार काही झालं नसतं. हे त्यानं निशाला सांगितलं. निशानं मान हलवली. दोघांनाही ते पटलं नाही, आणि दोघांनीही ते दुसऱ्यासाठी पटल्यासारखं केलं. सत्यभामेचंच घर ते.

खिडकीतून वारा आला. विशाखानं झोपेतच तोंड वाकडं केलं आणि एक शिंक दिली. निशा झटकन उठली.

"गारठा हाय. लावून घेऊ का खिडकी?"

राजेंद्रही उठला. शटर त्यानंच धरलं आणि सरकवत आणलं. सवयीनं हात पार चौकटीपर्यंत जायला निघाला होता. चार बोटं जागा उरली तिथं तो थांबला. त्या फटीत त्यानं आपला तळवा धरला, वारा येतोय का ते नीट पाहिलं, बोटं बधिर होईपर्यंत पाहिलं.

"पप्पा, या ना इकडं," निशा म्हणाली. "आम्ही आठ दिवस हाय."

"आलो," तो म्हणाला, पण हात काही त्यानं काढला नाही.